ओळख सांगणे, पटविणे आणि ठेवणे : ऑनलाइन पेमेंटमधील ओळखक्रमांकांचा विचार

१

मराठीत ‘ओळख’ हे नाम ज्या क्रियापदांबरोबर योजिले जाते ती क्रियापदे पाहिली असता, एकाच शब्दाखाली किती निरनिराळे व्यवहार सामावलेले आहेत हे ध्यानात येते. ओळख सांगितली जाते, ओळख पटविली जाते आणि ओळख ठेवली जाते. सांगणारा स्वतःविषयी एक विधान करतो. पटविणारा त्या विधानाला पुरावा जोडतो. ठेवणारा ते विधान पुढील प्रसंगासाठी जतन करतो. ज्या समाजात देवघेव करणारी माणसे एकमेकांना चेहऱ्याने ओळखतात तेथे या तिन्ही क्रिया एकाच क्षणी घडून जातात, आणि त्यांच्यात भेद न केला तरी कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु मोबाइलवरून पैसे पाठवू इच्छिणाऱ्या नागरिकाकडे एखादी पेमेंट सेवा जेव्हा त्याचा बारा अंकी आधार क्रमांक अथवा दहा अक्षरांचा पॅन मागते, तेव्हा या तीन क्रियांपैकी नेमकी कोणती अपेक्षित आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. कारण प्रत्येक क्रियेतील धोका वेगळा आहे.

ओळखक्रमांक हे भाषेच्या दृष्टीने एक नाम आहे. नामाचा उपयोग निर्देशासाठी असतो. ते गुपित नव्हे आणि पुरावाही नव्हे. नामाकडून पुराव्याचे काम करवून घेणे ही एक चूक, आणि एकच नाम प्रत्येक ठिकाणी जतन करून ठेवणे ही दुसरी. पेमेंट सेवांच्या संदर्भात खाजगीपणाविषयी ज्या चिंता व्यक्त होतात, त्यांपैकी बऱ्याचशा या दोन चुकांपर्यंत नेऊन पोचविता येतात. प्रस्तुत लेखात हेच विवेचन करावयाचे आहे.

२

पतंजलीने शब्दांच्या प्रवृत्तीचे जाती, गुण, क्रिया आणि यदृच्छा असे चार आधार मानले आहेत. यदृच्छाशब्द म्हणजे ज्याच्या योजनेस नाव ठेवणाऱ्याच्या इच्छेवाचून दुसरे कारण नाही असे विशेषनाम. पाश्चात्त्य विचारात जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात, विशेषनामे व्यक्तीचा निर्देश करतात, तिचे गुण सांगत नाहीत, असे प्रतिपादन केले. तथापि माणसांची प्रत्यक्षातील नावे या लक्षणात पुरती बसत नाहीत. मराठी माणसाचे तीन पदांचे नाव त्याचे लिंग, बापाचे अथवा पतीचे नाव आणि पुष्कळदा मूळ गाव व जातही सांगून जाते.

आधार क्रमांकाची घडण पाहिली तर तो मात्र खराखुरा यदृच्छाशब्द आहे असे म्हणावयास हरकत नाही. हा क्रमांक देणाऱ्या भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना २००९ मध्ये झाली, आणि पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. क्रमांकाच्या अंकांत धारकाचा प्रांत, जन्मवर्ष, लिंग वा जात यांचा कोणताही संकेत असू नये, हे तत्त्व प्रारंभापासून पाळले गेले. याउलट आयकर खात्याचा पॅन अंशतः अर्थवाही आहे. त्याचे चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते : व्यक्तीसाठी ‘पी’, कंपनीसाठी ‘सी’, अविभक्त हिंदू कुटुंबासाठी ‘एच’, आणि व्यक्तीच्या बाबतीत पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. पॅन पाहणाऱ्याला म्हणून धारकाविषयी थोडे काही कळतेच. आधार क्रमांक पाहणाऱ्याला त्या अंकांतून काही कळत नाही.

आधार क्रमांकाचा शेवटचा अंक मात्र स्वतंत्र नाही. आधीच्या अकरा अंकांवरून तो गणिताने काढलेला असतो. याकरिता वापरलेली रीत डच गणिती याकोबुस वेरहूफ यांनी १९६९ मध्ये मांडली. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ती चूक या रीतीने हटकून पकडली जाते. तोंडी सांगितलेले आकडे लिहून घेताना अशा चुका होणे स्वाभाविक आहे. डच भाषेत मराठीप्रमाणेच एकक आधी व दशक नंतर उच्चारले जाते. ‘पंचवीस’ ऐकून घाईत पाच आधी लिहिला जाणे दोन्ही भाषांत संभवते. परंतु हा अंतिम अंक काय सिद्ध करतो हे नीट समजून घ्यावयास हवे. क्रमांक बरोबर लिहिला गेला एवढेच तो सांगतो. क्रमांक सांगणारा माणूस बरोबर आहे, असे तो सांगत नाही.

क्रमांक गुपित का मानता येत नाही, हेही साध्या हिशेबाने दाखविता येईल. आधार क्रमांक शून्य किंवा एक या अंकाने सुरू होत नाही. त्यामुळे शेवटचा अंक सोडून उरलेल्या अकरा अंकांच्या सुमारे आठ हजार कोटी जुळण्या संभवतात. त्यांपैकी १३० कोटींहून अधिक क्रमांक दिले गेले आहेत. म्हणजे गणिताचा नियम पाळून कोणी मनाने क्रमांक रचू लागला, तर साठएक प्रयत्नांत एकदा तरी तो कोणा खऱ्या माणसाचा निघण्याचा संभव आहे. शिवाय हा क्रमांक शाळा, गॅस एजन्सी, बँक, सिमकार्डाचे दुकान, लॉज अशा अनेक ठिकाणी सांगून झालेला असतो. जे इतक्या जणांस ठाऊक आहे त्यास परवलीच्या शब्दाचा दर्जा देणे युक्त नव्हे.

३

पैशाच्या व्यवहारात ओळख पटविण्याचा प्रश्न नवा नाही. हुंडीच्या व्यवहारात नाव आणि पुरावा यांचा भेद व्यापाऱ्यांनी नेमका ओळखला होता. नामजोग हुंडी तीत नाव लिहिलेल्या माणसासच द्यावयाची असे. परंतु हुंडी घेऊन आलेला माणूस तोच आहे हे त्या नावावरून सिद्ध होत नसे, त्यासाठी वेगळी खातरजमा लागे. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहामार्फतच दिले जात. पैसे भलत्याच्या हाती पडले तर तो शाह जबाबदार धरता येई. पुराव्याचा भार अशा रीतीने नावावर न टाकता जबाबदार माणसावर टाकला जाई.

हा भेद विसरला गेला म्हणजे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या इतिहासात आढळते. हे क्रमांक १९३६ मध्ये देण्यास प्रारंभ झाला तेव्हा कामगारांच्या मिळकतीची नोंद ठेवणे हा त्यांचा मर्यादित हेतू होता. १९४६ पासून कार्डावर, हे कार्ड ओळख पटविण्यासाठी नाही, अशा अर्थाची सूचना छापली जाऊ लागली. परंतु त्यापूर्वीच, १९४३ मध्ये, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या एका आदेशाने सरकारी खात्यांना आपल्या नव्या नोंदपद्धतींत हाच क्रमांक योजण्यास सांगितले होते. १९६० नंतर करखात्यानेही तो स्वीकारला. १९७२ पासून कार्डावरील ती सूचनाच गेली. मधल्या काळात बँका आणि कर्ज देणाऱ्या संस्था या क्रमांकाला, विशेषतः त्याच्या शेवटच्या चार अंकांना, ओळखीचा पुरावा मानू लागल्या. ज्याला क्रमांक ठाऊक तोच त्याचा धारक, असे हे अनुमान होते. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या पतनोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या भांडारातून सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीस गेली, तीत हे क्रमांकही होते. चोरास क्रमांक कळला एवढ्यानेच नुकसान झाले नसते. क्रमांक कळणे हाच पुरावा मानण्याची सवय संस्थांना जडलेली असल्यामुळे नुकसानीस वाट मिळाली.

४

भारतात आधारची रचना करताना हा धडा विचारात घेतला गेला होता. केवळ क्रमांक सांगितल्याने ओळख पटते असे तीत मानलेले नाही. क्रमांकाबरोबर बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची वा चेहऱ्याची प्रतिमा, अथवा नोंदविलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी यांपैकी काही द्यावे लागते, तेव्हा ओळख पटते. म्हणजे क्रमांक सांगतो आणि बोट पटविते, अशी ही कामाची वाटणी आहे.

परंतु या वाटणीलाही एक मर्यादा आहे. आधारवर चालणाऱ्या पेमेंट पद्धतीत खेड्यापाड्यांतील बँक प्रतिनिधीकडे जाऊन आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे काढता येतात. ज्यांना एटीएम दूर, ज्यांना कार्ड आणि पिन सांभाळणे अवघड, अशा वृद्धांची व रोजगार हमीच्या मजुरांची यामुळे मोठी सोय झाली, हे मान्य करावयास हवे. मात्र अंगठ्याचा ठसाही कागदावर उमटून राहणारी वस्तू आहे. जमिनीच्या खरेदीखतासारख्या नोंदणीकृत दस्तांवर क्रमांक आणि ठसे एकत्र आढळतात. अशा दस्तांवरील ठशांवरून कृत्रिम ठसे घडवून दुसऱ्याच्या खात्यातून पैसे काढल्याची प्रकरणे वेगवेगळ्या राज्यांच्या पोलिसांनी उघडकीस आणली. ठसा जिवंत बोटाचा आहे की नाही हे तपासणारी सुधारित पद्धत प्राधिकरणाने २०२३ च्या फेब्रुवारीत जाहीर केली. आपले ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोयही धारकास उपलब्ध आहे. तरीही मूळ अडचण उरतेच. परवलीचा शब्द फुटला तर तो बदलता येतो; अंगठा बदलता येत नाही. म्हणून ज्या क्रमांकाशी तो अंगठा जोडलेला आहे, तो क्रमांक ठिकठिकाणी विखुरला जाऊ न देणे इष्ट ठरते. क्रमांक गुपित नसला तरी तो वाटेल तसा पसरावा, असा याचा अर्थ नव्हे.

५

येथे तिसरी क्रिया विचारात घ्यावी लागते, ती म्हणजे ठेवणे. पेमेंट सेवा ओळख का मागते यास कायद्याचे कारण आहे. काळ्या पैशाच्या उलाढालीस आळा घालणारा कायदा २००२ मध्ये झाला. ग्राहकाची ओळख करून घेण्याविषयीचे, म्हणजे केवायसीचे, एकत्रित निर्देश रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये काढले. २०१७ च्या ऑक्टोबरात मोबाइलवरील पाकिटांसाठीही तिने तपशीलवार नियम घालून दिले. पैसा कोणाचा, हे विचारण्याचा अधिकार त्यामुळे सेवेला आहे. परंतु ओळख एकदा पटवून घेणे आणि क्रमांक कायमचा ठेवून घेणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

दुकानाच्या नोंदीत, औषधाच्या बिलात, प्रवासाच्या तिकिटात आणि कर्जाच्या अर्जात एकच क्रमांक असला, तर एरव्ही एकमेकांपासून दूर असलेल्या या चार नोंदी जोडण्यास फक्त एक क्रमांक पुरतो. प्रत्येक नोंद सुटी असताना निरुपद्रवी असते. त्या एकत्र आल्या म्हणजे माणसाचा दिनक्रम, आजार, मिळकत आणि अडचण यांचे चित्र उभे राहते. क्रमांकाच्या अंकांत अर्थ नाही म्हणून तो निर्दोष आहे, हा युक्तिवाद याच ठिकाणी अपुरा पडतो. यदृच्छाशब्दाला स्वतःचा अर्थ नसतो खरा. परंतु अनेक वाक्यांचा तोच कर्ता असला, तर ती सर्व वाक्ये एकाच माणसाविषयी आहेत हे त्यावरून कळते.

भाषेच्या नित्य व्यवहारात माणसाला असे एकच नाम नसते. एकच स्त्री घरात आई, दिरांची वहिनी, भाचरांची मावशी, शाळेत बाई आणि बँकेच्या पासबुकात तीन पदांचे पूर्ण नाव असते. प्रत्येक नाम त्या त्या नात्यापुरते पुरेसे असते आणि त्या नात्याबाहेर सहसा जात नाही. पेमेंटच्या क्षेत्रात अलीकडे ज्या चांगल्या सुधारणा झाल्या त्यांत हेच तत्त्व आढळते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्ये पैसे घेणाऱ्यास खातेक्रमांक सांगावा लागत नाही. एक पत्ता सांगितला की पुरते. अर्थात् त्या पत्त्यात मोबाइलचाच क्रमांक घातलेला असला, तर एक नाम लपवून दुसरे उघड केल्यासारखे होते. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना ग्राहकांच्या कार्डांचे क्रमांक साठविण्यास मनाई झाली. त्याऐवजी त्या त्या दुकानापुरते चालणारे टोकन वापरले जाते. एका दुकानाचे टोकन चोरीस गेले तरी ते दुसऱ्या दुकानी निरुपयोगी ठरते.

आधारच्या बाबतीतही असे पर्याय आहेत. २०१८ मध्ये सोळा अंकी आभासी क्रमांकाची सोय झाली. धारकास तो हवा तेव्हा नवा करून घेता येतो आणि त्यावरून मूळ क्रमांक काढता येत नाही. पहिले आठ अंक झाकून केवळ शेवटचे चार दाखविणारे आधारपत्रही मिळते. जेथे आधारद्वारे पडताळणी आवश्यक नाही तेथे दिलेल्या प्रतीवरील क्रमांक झाकलेला असावा, अशी तरतूद रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत पुढे करण्यात आली. शिवाय पासपोर्ट, वाहन चालविण्याचा परवाना, मतदार ओळखपत्र आणि रोजगार हमीचे जॉबकार्ड हीदेखील केवायसीसाठी ग्राह्य धरलेली कागदपत्रे आहेत.

असे असूनही या सोयींचा वापर सर्वसामान्यांच्या अंगवळणी पडलेला दिसत नाही, आणि यास सूचनांच्या भाषेतील संदिग्धताही काही अंशी कारण आहे. २७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बंगळूर येथील कार्यालयाने, आधारची छायाप्रत कोणासही देऊ नये, अंक झाकलेले पत्र द्यावे, असे आवाहन केले. दोनच दिवसांनी, चुकीचा अर्थ काढला जाण्याचा संभव आहे म्हणून, केंद्र सरकारने ते मागे घेतले आणि नागरिकांनी नेहमीचे तारतम्य बाळगावे एवढेच सांगितले. तारतम्य म्हणजे तर आणि तम, अर्थात् अधिक आणि सर्वाधिक यांतील भेद करणे. कोणत्या प्रसंगी किती सांगावे हे ज्यास स्पष्ट केलेले नाही, त्याने हा भेद कशाच्या आधारे करावा, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

६

शेवटचा मुद्दा संमतीचा. ‘मला मान्य आहे’ हे वाक्य एखाद्या वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाही. ते उच्चारणे हीच एक कृती असते. जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी अशा वाक्यांची चिकित्सा रूढ केली. अशी वाक्ये खरी वा खोटी नसतात. ती योग्य परिस्थितीत उच्चारली गेली तर सफल होतात, नाही तर फसतात. ऐकणाऱ्याने आणि बोलणाऱ्याने एकच कृती अभिप्रेत धरली नसेल, तर संमतीचे वाक्य फसलेले असते.

२०१७ मधील एअरटेल पेमेंट्स बँकेचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मोबाइल कनेक्शनची आधारद्वारे पडताळणी करून घेण्यास आलेल्या अनेक ग्राहकांची खाती त्यांना स्पष्ट कल्पना नसताना या बँकेत उघडली गेली, आणि त्यांचे गॅसचे अनुदान नेहमीच्या बँकेऐवजी या नव्या खात्यांत जमा होऊ लागले. प्राधिकरणाने त्या वर्षीच्या डिसेंबरात कंपनीची आधारद्वारे केवायसी करण्याची परवानगी तात्पुरती रोखली, आणि २०१८ च्या मार्चमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेस ५ कोटी रुपयांचा दंड केला. येथे क्रमांक चोरीस गेला नव्हता, ठसाही बनावट नव्हता. ग्राहकाने अंगठा ठेवला तो ‘हा मोबाइल माझा आहे’ या विधानाखाली. तो वाचला गेला ‘माझे खाते उघडा’ या विनंतीखाली. गॅसचे अनुदान कोठे गेले हे शोधत बँकेत खेपा घालणाऱ्या गृहिणीच्या दृष्टीने या दोन वाक्यांतील अंतर केवळ व्याकरणाचे नव्हते.

याच काळात कायद्याची चौकट आकारास येत होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने २०१६ चा आधार कायदा बहुतांशी कायम ठेवला. परंतु कलम ५७ मधील, खाजगी संस्थांना केवळ कराराच्या बळावर आधार पडताळणी वापरू देणारा भाग रद्द केला. २०१९ च्या दुरुस्तीने बँकांना ग्राहकाच्या स्वेच्छेने आधार वापरण्याची वाट मोकळी झाली, आणि २०२५ च्या जानेवारीतील नियमांनी सरकारी मंजुरी घेऊन खाजगी संस्थांनाही काही कारणांसाठी पडताळणी करता येईल असे ठरले. म्हणजे कायद्याने दार बंद केले आणि पुढे संमतीच्या अटीवर ते पुन्हा किलकिले केले. सर्व भार यामुळे संमतीच्या वाक्यावर येऊन पडला आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते. सांगितलेल्या कारणास जेवढी माहिती आवश्यक तेवढ्यापुरतीच ती धरली जाते. या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात यावयाच्या आहेत. भाषेच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी अशी एक तरतूद या कायद्यात आहे : संमतीची विनंती सोप्या व स्पष्ट भाषेत असावी, आणि ती इंग्रजीत अथवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसास मिळावा. मराठी आणि कोकणी या दोन्ही भाषा त्या परिशिष्टात आहेत.

तेव्हा संमतीपत्रांचे मराठी कसे असावे हा प्रश्न आता केवळ शैलीचा राहिलेला नाही. ‘आपली माहिती आवश्यकतेनुसार वापरली जाऊ शकते’ अशा धाटणीच्या वाक्यात कर्मणी प्रयोगामुळे कर्ता नाहीसा होतो, ‘शकते’ या क्रियापदामुळे निश्चिती नाहीशी होते, आणि ‘आवश्यकतेनुसार’ या एका शब्दात हेतू नाहीसा होतो. कोण, काय, कशासाठी आणि किती काळ ही चारही उत्तरे ज्यात नाहीत ते वाक्य मराठीत असले तरी सोपे वा स्पष्ट म्हणता येणार नाही. त्याचप्रमाणे ‘पडताळणी’ हा एकच शब्द क्रमांक तपासणे, माणसाची ओळख पटविणे आणि नोंद जतन करणे या तिन्ही अर्थांनी योजिला, तर वाचणाऱ्यास आपण कशास होकार देत आहोत हे कळण्याचा मार्गच राहत नाही. याकरिता नवे संस्कृतोद्भव शब्द घडविण्याची गरज नाही. ‘आपला आधार क्रमांक आम्ही एकदा तपासू; तो आमच्याकडे ठेवणार नाही; दुसऱ्या कोणास सांगणार नाही’, अशी तीन वाक्ये लिहिण्यास मराठी पूर्णपणे समर्थ आहे. एखादी सेवा ती लिहू शकत नसेल, तर अडचण भाषेची नसून व्यवहाराची आहे, असे खुशाल समजावे.